फुगा, बाण आणि आकाशाचा छंद

ता. २ एप्रिल २०२२ ची सायंकाळ विदर्भांतील पुष्कळांना आठवत असेल. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. दिवेलागण होऊन गेली होती, आणि आठाच्या सुमारास जळत्या निखाऱ्यांची एक रांग आकाशांतून सावकाश सरकत गेली. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटलें, कोणी नुसतेच हात जोडले. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी या गांवीं सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें एक कडें आढळलें. आसपासच्या भागांत धातूचे पोकळ गोलहि सांपडले. उपग्रह सोडून झाल्यावर पृथ्वीभोंवतीं फिरत राहिलेल्या एका चिनी अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असें जाणकारांनीं अनुमान केलें.

दुसऱ्या दिवशीं शेजारचा एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला व म्हणाला, “गुरुजी, वरचें खालीं पडतें, तर आपल्याला खालचें वर पाठवितां येणार नाहीं का?” मी भंडारा जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांत आयुष्य घालविलेला मनुष्य, माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं. तरीहि त्या मुलाचा प्रश्न हंसून टाळणें मला बरें वाटलें नाहीं. कारण असाच एक प्रश्न मीं एकदां निष्काळजीपणानें हाताळला होता. त्याची हकीकत ओघानें येईलच. त्या मुलाला जें उत्तर मीं दिलें, तेंच आज जरा विस्तारानें आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

वर जाण्याचीं वाहनें दोन: एक फुगा, दुसरें अग्निबाण. दोहोंची जात अगदीं भिन्न आहे. फुगा हवेंत तरंगतो. पाण्यांत बुडवून सोडलेलें लांकडी बूच जसें वर येतें, तसाच तो वर जातो. एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलोग्रॅम भरतें. तेवढ्याच हायड्रोजन वायूचें वजन अवघें ९० ग्रॅमांच्या आसपास. म्हणून एक घनमीटर हायड्रोजन एक किलोग्रॅमहून थोडें अधिक ओझें उचलूं शकतो. परंतु फुग्याला हवेचा आधार पाहिजे. हवा विरळ होत गेली कीं त्याची धांव संपत येते.

अग्निबाणाचें नेमकें उलट आहे. त्याला हवेचा आधार नको. पोटांतील द्रव्य जाळून त्याचा वायु तो वेगानें मागें फेकतो, आणि त्या फेकण्याच्या जोरानें स्वतः पुढें जातो. वैनगंगेवर नावेंतून काठावर उडी मारणारा मनुष्य पुढें जातो आणि नाव मागें सरते, हें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. न्यूटनचा गतिविषयक तिसरा नियम तो हाच. मनुष्य म्हणजे वायु आणि नाव म्हणजे अग्निबाण, इतकेंच ध्यानांत ठेवावें.

अग्निबाण आपल्याकडे नवा नाहीं. मराठ्यांच्या फौजांतहि बाण असत. म्हैसूरच्या हैदर व टिपू यांच्या सैन्यानें लोखंडी नळीचे बाण वापरले, आणि १७८० मधील पोल्लिलूरच्या लढाईंत इंग्रजांना त्यांचा चांगलाच प्रसाद मिळाला. पुढें इंग्लंडांत काँग्रीव्ह यानें त्याच नमुन्यांवरून आपले बाण बनविले. परंतु बाणावर बसून पृथ्वीबाहेर जातां येईल, हें गणितानें दाखवून देणारा पुरुष सेनापति नव्हता. तो शाळामास्तर होता. रशियांतील कालुगा या गांवचा त्सिओल्कोव्हस्की लहानपणच्या तापानें जवळजवळ बहिरा झालेला होता. मुलांना अंकगणित शिकवून उरलेल्या वेळांत त्यानें हें गणित मांडलें व १९०३ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढें ता. १६ मार्च १९२६ रोजीं अमेरिकेंत रॉबर्ट गॉडर्ड यानें पेट्रोल व द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालणारा पहिला बाण उडविला. तो अडीच सेकंद उडाला आणि जेमतेम साडेबारा मीटर उंच गेला. आमच्या शाळेसमोरचा आंबा त्याहून उंच आहे!

या कथा मी वर्गांत मोठ्या हौसेनें सांगत असें. सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. एके दिवशीं तिसरा नियम सांगतांना मला इतका रंग चढला कीं तास केव्हां संपला तें कळलें नाहीं. दोन दिवसांनीं माझ्या एका विद्यार्थ्यानें दिवाळींतल्या फटाक्यांची दारू काढून ती एका नळींत भरली. नळी उडाली नाहीं, फुटली. मुलगा वांचला, पण उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. त्याच्या वडिलांनीं मला शब्दानेंहि दोष दिला नाहीं. पण दोष माझा होता. बाण पुढें कां जातो तें मीं सांगितलें होतें. नळी कां फुटते तें सांगितलें नव्हतें.

तें कारण आज सांगतों. स्फोटक द्रव्य किती वेगानें जळेल हें त्याच्या कणांचा आकार, ओलावा, ठासण्याचा दाब आणि नळीचें तोंड यांवर अवलंबून असतें. दाब वाढला कीं जळण्याचा वेग वाढतो. वेग वाढला कीं दाब आणखी वाढतो. हें दुष्टचक्र एका क्षणांत पुरें होतें, आणि त्या क्षणांत माणसाला हात मागें घेण्यासहि अवधि मिळत नाहीं. आमच्या भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथें सरकारी आयुध-निर्माणी आहे. तेथें वाकबगार कामगार, नियम, पहारे सर्व असतांहि ता. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटांत कित्येक कामगारांना प्राण गमवावे लागले. त्या दिवशीं आमच्या जिल्ह्यांतील किती घरांत चूल पेटली नाहीं, हें आम्ही जाणतों. जेथें जन्मभर तेंच काम करणाऱ्यांनाहि धोका टळत नाहीं, तेथें न्हाणीघराच्या कोपऱ्यांत बसून प्रयोग करणाऱ्या मुलाची काय कथा? परवान्यावांचून स्फोटक द्रव्य बनविणें हा १८८४ च्या कायद्यानें गुन्हाहि आहे. परंतु कायदा नसता, तरीहि माझा सल्ला हाच असता.

परदेशांतहि हा प्रश्न आलाच होता. अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतांत ऑर्व्हिल कार्लाइल नांवाचा एक जोड्यांचा दुकानदार होता. १९५४ च्या सुमारास त्यानें पुठ्ठ्याच्या नळीचा हलका बाण बनविला. त्यांत दारूची तयार, बंदिस्त कांडी बसवावयाची; ती पेटवावयाची; आणि बाण वर पोंचला कीं छत्री उघडून तो सुखरूप खालीं उतरावयाचा. १९५७ मध्यें रशियाचा पहिला उपग्रह उडाला, तेव्हां अमेरिकेंत घरोघर मुलें बाण बनवूं लागलीं व भाजूं लागलीं. त्या वेळीं कार्लाइलच्या या युक्तीनें छंदाला शिस्त लावली. तिचें सार एवढेंच कीं, मुलानें बाण बनवावा. दारू बनवूं नये.

आपल्या घरच्या मुलासाठीं तर याहूनहि निर्धोक मार्ग आहे, तो म्हणजे पाण्याचा बाण. प्लास्टिकच्या बाटलींत तृतीयांश पाणी घालून सायकलच्या पंपानें हवा भरली व बूच सुटलें, कीं पाणी मागें जातें आणि बाटली वर झेपावते. तिसरा नियम तोच, पण आग नाहीं. येथेंहि वडील माणूस जवळ असावें, मैदान मोकळें असावें आणि बाटलीवर वाकून कोणी पाहूं नये. इतकें पाळलें म्हणजे झालें.

आतां फुग्याकडे वळूं. फुग्याचें प्रयोगस्थान पाहण्यासाठीं विदर्भांतील माणसाला दूर जावें लागत नाहीं. नागपूरला सोनेगांव विमानतळावर हवामानखात्याची वेधशाळा आहे. तेथून साधारणतः दिवसांतून दोन वेळां, पहांटे व सायंकाळीं, रबराचा एक मोठा फुगा सोडतात. त्याच्याखालीं एक लहान पांढरी पेटी लोंबत असते. तिला रेडिओसाँड म्हणतात. वर जातां जातां ती उष्णतामान, हवेचा दाब आणि आर्द्रता यांचीं मोजमापें बिनतारी यंत्रानें खालीं कळवीत राहते, आणि ती कोणत्या दिशेनें किती सरकली यावरून वाऱ्याचा वेग कळतो. जगांतील शेंकडों वेधशाळा ठरलेल्या एकाच वेळीं असे फुगे सोडतात. उद्यां पाऊस येईल कीं नाहीं, हें आपण जें रोज ऐकतों, त्याच्या मागें हे फुगेहि असतात.

या पेटीच्या आधींची कथाहि ऐकण्यासारखी आहे. बिनतारी पेटी १९२९-३० च्या सुमारास फ्रान्स व रशिया या देशांत निघाली. त्यापूर्वीं फुग्याबरोबर स्वतःच नोंद करणारें लहानसें यंत्र पाठवीत. तें जेथें पडेल तेथून कोणीं परत आणून दिलें, तरच नोंद हातीं येई. आग्र्याच्या वेधशाळेनें अशींच यंत्रें वर्षानुवर्षें सोडलीं. अशा नोंदींच्या आधारें के. आर. रामनाथन् यांनीं १९२९ मध्यें जगापुढें मांडलें कीं, वातावरणाचा अत्यंत थंड थर ध्रुवांवर नसून विषुववृत्ताकडील प्रदेशांवर, फार उंचीवर आहे. ज्या शेतकऱ्यांनीं शेतांत सांपडलेलीं तीं यंत्रें न मोडतां पोंचतीं केलीं, त्यांचीं नांवें इतिहासांत नाहींत. पण त्या शोधांत त्यांचा वांटा आहे.

आतां त्या पांढऱ्या पेटीबरोबर आपण मनानें वर जाऊं. फुगा सेकंदाला सुमारें पांच मीटर वेगानें चढतो. साडेपांच किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो, सोळा किलोमीटरवर दशांश, एकतीसवर शतांश. खालीं भंडाऱ्यांत वैशाखांतलें ऊन असलें, तरी सोळा-सतरा किलोमीटरवर उष्णतामान शून्याखालीं ७५ ते ८० अंश असतें. त्यापुढें मात्र तें पुन्हां हळूहळू चढूं लागतें, कारण वरच्या थरांतील ओझोन सूर्याचे जंबुपार किरण शोषून तापतो. बाहेरचा दाब कमी होतो तसतसा फुगा फुगत जातो. तीस किलोमीटरवर त्याचें आकारमान साठ-सत्तर पट, म्हणजे व्यास सुमारें चौपट होतो. तेथें आकाश दिवसाहि काळें दिसतें आणि क्षितिज वांकलेलें दिसतें. निघाल्यापासून पावणेदोन तासांच्या आसपास रबर ताणाच्या मर्यादेस पोंचतें, फुगा फुटतो आणि पेटी खालीं येऊं लागते.

ती कोठें पडेल? हाच या छंदांतला खरा प्रश्न आहे. हिंवाळ्यांत आपल्यावरचे वारे खालपासून वरपर्यंत बहुतेक पश्चिमेकडूनच वाहतात, आणि दहा-बारा किलोमीटरवर त्यांचा वेग ताशीं शंभर किलोमीटरच्याहि वर जातो. त्यामुळें नागपूरचा फुगा त्या दिवसांत आमच्या बाजूला येतो. भंडारा, गोंदिया, कधीं त्याहिपुढें. पावसाळ्यांत निराळेंच घडतें. खालचे पांच-सहा किलोमीटर नैऋत्येचा मोसमी वारा फुग्याला पूर्वेकडे ढकलतो. त्याच्या वर पूर्वेकडून येणारा जोराचा वारा त्याला उलट वर्धा-अमरावतीकडे नेतो. एकाच आकाशांत एकावर एक दोन नद्या उलट दिशांनीं वाहत असतात, हें जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला फुग्यावांचून कळावें कसें?

मोठ्या विज्ञानांतहि फुग्याला मान आहे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें फुगे सोडण्याचें केंद्र आहे. तेथील फुगे रबराचे नसून पातळ पॉलिथिनचे असतात. ता. २० एप्रिल २००५ रोजीं तेथून सोडलेल्या एका प्रचंड फुग्यानें ४५९ किलोग्रॅम वजनाचीं उपकरणें वर नेलीं आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक पोलादी नळ्यांत भरून आणली. या प्रयोगाचे सूत्रधार आपले डॉ. जयंत नारळीकर होते. त्या हवेची तपासणी हैदराबाद व पुणें येथील प्रयोगशाळांत झाली, आणि जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्याचें २००९ मध्यें जाहीर झालें. एकीला ज्योतिर्विद फ्रेड हॉइल यांचें, दुसरीला इस्रो या संस्थेचें आणि तिसरीला आर्यभटाचें नांव मिळालें. हे जीव परलोकांतून आले असें यावरून सिद्ध होत नाहीं, हें त्या शास्त्रज्ञांनींहि स्पष्ट केलें. जें सिद्ध झालें तेवढेंच सांगावें, हा धडा मला त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

हाच धडा छंदांतहि उपयोगीं पडतो. ता. ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं रामेश्वरम् येथें डॉ. अब्दुल कलाम यांच्या नांवानें चालणाऱ्या प्रतिष्ठानानें विद्यार्थ्यांनीं बनविलेले शंभर चिमुकले ‘उपग्रह’ फुग्यांतून सोडले. प्रत्येकाचें वजन २५ ते ८० ग्रॅम. सुमारें एक हजार विद्यार्थ्यांनीं त्यांत भाग घेतला, आणि त्यांत महाराष्ट्राचीं मुलें मोठ्या संख्येनें होतीं. पुढें ता. १९ फेब्रुवारी २०२३ रोजीं चेन्नईजवळच्या पट्टीपुलम् येथून अशाच दीडशें पेट्या अग्निबाणानें वर गेल्या. उपक्रम फार चांगला. मात्र आपण मुलांना खरें तें सांगावें. पस्तीस-अडतीस किलोमीटर म्हणजे अंतराळ नव्हे. त्याची सीमा सामान्यतः शंभर किलोमीटरवर धरतात. आणि उपग्रह तोच, जो पृथ्वीभोंवतीं फिरत राहतो. फुग्याची पेटी परत खालीं येते. मुलाचें काम यानें लहान होत नाहीं. उलट, आपण नक्की काय केलें हें ज्याला कळतें, तोच पुढचें पाऊल टाकतो.

कोणा शाळेला किंवा मंडळाला स्वतः असा फुगा सोडावयाचा असेल, तर तयारी बरीच लागते. पेटी थर्मोकोलची व हलकी असावी, म्हणजे आंतली बॅटरी थंडीनें निकामी होत नाहीं. भडक रंगाची छत्री फुगा व पेटी यांच्या मध्येंच बांधावी. ठिकाण कळविणारें उपकरण घेतांना विशेष काळजी घ्यावी. बाजारांतलीं पुष्कळ उपकरणें अठरा किलोमीटरपुढें मुकीं होतात, आणि मोबाइलचा तर त्या उंचीवर उपयोगच नाहीं. बिनतारी प्रेषक चालविण्यास परवाना लागतो. म्हणून परीक्षा दिलेला हौशी बिनतारी चालक बरोबर असावा. हायड्रोजन ठिणगीनें पेटतो. हेलियम महाग, पण निर्धोक. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे विमानवाहतुकीच्या अधिकाऱ्यांची व स्थानिक पोलिसांची लेखी अनुमति. ज्या आकाशांत आपली पेटी जाणार, त्याच आकाशांतून माणसांनीं भरलेलीं विमानेंहि जात असतात.

आमच्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. हा तळ्यांचा जिल्हा. वर गोसीखुर्दचा जलाशय आणि पूर्वेकडे नागझिऱ्याचें व्याघ्र-राखीव अरण्य. पेटी तळ्यांत पडली तर बुडणार. अरण्यांत पडली तर परवानगीवांचून आंत जातां येणार नाहीं, आणि जाऊंहि नये. म्हणून वाऱ्याचें गणित आधीं, फुगा मागाहून. वर पाठविणें हें वायूचें काम. परत आणणें ही विद्या.

ही विद्या अगदीं थोडक्या खर्चांत घरींहि शिकतां येते. हेलियमचा साधा फुगा घ्यावा. शाळेच्या उंच दालनांत दोऱ्यानें सोडून तो छतापर्यंत किती सेकंदांत जातो तें मोजावें. म्हणजे चढण्याचा वेग कळला. समजा, तो मिनिटाला ९० मीटर आला. मग दुसरा तसाच फुगा मैदानांत मोकळा सोडावा. मुलाच्या हातीं कंपासपेटींतला कोनमापक द्यावा व त्याला ओळंबा बांधावा. चार मिनिटांनीं फुगा ३६० मीटर उंचीवर असणार. त्या वेळीं तो क्षितिजापासून ४५ अंशांवर दिसला, तर आपल्यापासूनचें त्याचें आडवें अंतरहि ३६० मीटर. चार मिनिटांत ३६० म्हणजे वारा ताशीं ५.४ किलोमीटर. फुग्याची दिशा पाहिली कीं वाऱ्याची दिशाहि कळली. ज्या त्रिकोणमितीला मुलें कंटाळतात, ती अशी एकदां आकाशांत पाहिली कीं पुन्हां विसरत नाहींत.

दुसरें काम तर बिनखर्चाचें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं हिंवाळ्याच्या एका सकाळीं मला दूरध्वनि आला. बोलणारा तोच माझा दोन बोटें गमावलेला विद्यार्थी. आतां तो धानाची शेती करतो. त्याच्या बांधींत एक पांढरी पेटी पडली होती, जवळ फाटलें रबर होतें. कोणी बॉम्ब म्हणत होते, कोणी करणी म्हणत होते, आणि एकजण ती दगडानें फोडावयास निघाला होता. “मीं त्यांना थांबविलें, गुरुजी. ही नागपूरच्या फुग्याची दिसते. वारा तिकडूनच आहे.” त्यानें आधीं सर्वांना दूर उभें केलें, पेटीवरचा मजकूर वाचला, मग पोलीस-पाटलाला बोलावून ती दाखविली आणि मुलांना धुऱ्यावर बसवून ती कोठून आली तें समजावलें. मीं त्याला वर्गांत जें अर्धें शिकविलें होतें, तें त्यानें पुरें केलें होतें.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरांतील मुलानें ‘मला बाण उडवावयाचा आहे’ असें म्हटलें, तर त्याला रागावूं नका आणि एकटेंहि सोडूं नका. त्याच्याबरोबर मैदानावर जा. पाण्याची बाटली उडवा, फुग्याचा कोन मोजा, आणि बाण कां उडतो याबरोबर नळी कां फुटते तेंहि त्याच दिवशीं सांगा. शेजारचा तो मुलगा आतां नागपूरला शिकतो. अजूनहि सुटींत आला कीं आम्ही दोघे कोनमापक घेऊन बाहेर पडतों. त्याचे डोळे चांगले. कोन तो पाहतो. गुणाकार मात्र मीच करतों.